दुपारचा सारांश

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला शहाणपण शिकवायला येणार नाही. माझ्या बायकोबद्दलचं ते वाक्य कुणीही म्हटलं नव्हतं. आमच्या आवारात चार इमारती आहेत, दोनशे चाळीस घरं आहेत, आवाराच्या ग्रुपवर चारशे अकरा माणसं आहेत, आणि त्या चारशे अकरांपैकी एकानेही ते म्हटलं नव्हतं. मी त्या दिवसाचे सगळे मेसेज वाचलेत. नंतर वाचले, तिथेच सगळा घोळ झाला.

मी अडतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. छापायला जाण्याआधी कच्चा मजकूर वाचायचा आणि चुका लाल शाईने दाखवायच्या, हे माझं काम. बायको आमच्या घरातल्याच समोरच्या खोलीत पाळणाघर चालवते. एकोणीस वर्षं झाली. सध्या अकरा मुलं आहेत, सगळ्यात धाकटं दीड वर्षाचं, थोरलं पाच वर्षांचं. सगळं आवार तिला मावशी म्हणतं, मुलंही मावशी म्हणतात आणि त्यांचे आईबापही. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. ग्रुप कशाशी खातात हे तिला माहीत नाही, आणि कधी जाणून घ्यावंसंही वाटलं नाही.

मला मात्र ग्रुपचं व्यसन होतं. खोटं कशाला बोलू? सकाळी चहाचा कप हातात आला की आधी ग्रुप उघडायचा. कुणीतरी बातमी टाकलेली असायची आणि तिच्यावर पन्नास जणांनी तोंडसुख घेतलेलं असायचं. यंत्रं आपल्या नोकऱ्या खाणार का, मुलांच्या हातात फोन द्यावा का, निवडणुकीत कोण पडणार, कुठल्या देशाने कुणावर बॉम्ब टाकला आणि आपण त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं! मीही काही मागे नव्हतो. बिनचालकाच्या ज्या गाडीत मी कधी बसलो नाही आणि बसणारही नाही, तिच्या ब्रेकवर मी तीन परिच्छेद लिहिले होते. सतरा जणांनी अंगठे दाखवले. त्या दिवशी मी जेवताना जरा जास्तच बोललो, असं बायको म्हणाली.

दिवसाला तीनशे-चारशे मेसेज पडायला लागले, तेव्हा लोकांना वाचणं होईना. लिहायला वेळ होता, वाचायला नव्हता. मग ग्रुपचा अ‍ॅडमिन, पहिल्या इमारतीतला इंजिनियर, त्याने तोड काढली. हा मुलगा हुशार आहे, त्याचा स्वतःचा मुलगा आमच्याच पाळणाघरात येतो. त्याने एक प्रोग्रॅम लावला. तो सगळे मेसेज गोळा करायचा आणि त्यांचा आठ-दहा ओळींत सारांश लिहायचा. रोज दुपारी अडीचला सारांश ग्रुपवर पडायचा. कचेऱ्यांतून डबा खाऊन झाला की लोक तेवढंच वाचायचे आणि त्यावर पुन्हा मतं द्यायला मोकळे व्हायचे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी एकट्याने कुरकुर केली, की भाषा फार गचाळ आहे, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही.

"काका, मग तुम्हीच तपासून देत जा ना," इंजिनियर म्हणाला.

मी वरवर आढेवेढे घेतले. आतून हरखलो होतो. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, आणि कुणीतरी पुन्हा मला कच्चा मजकूर पाठवत होतं. रोज दोन वाजता त्याचा मसुदा यायचा, मी पाच मिनिटांत चुका काढून "ठीक" लिहायचो, की अडीचला तो चारशे अकरा फोनांत जायचा.

आता इथे आमच्या धंद्यातली एक खोड सांगायला हवी. मुद्रितशोधक मजकूर तुमच्यासारखा वाचत नाही. अर्थ कळायला लागला की डोळा पुढे पळतो, आणि चुका निसटतात. म्हणून मी शेवटच्या ओळीपासून वर वाचतो. एकेक शब्द सुटा, शेवटून पहिल्याकडे. माझ्या गुरूंनी मला तसंच शिकवलं होतं. लग्नपत्रिका, मृत्यूच्या जाहिराती, औषधांच्या डब्यांवरची माहिती, सगळं मी असं उलटं वाचत आलो. अडतीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या पुस्तकांत काय लिहिलंय ते मला विचारू नका, पण त्यांत चूक सापडली तर मिशी उतरवीन, असं मी छातीठोकपणे सांगायचो.

तो मंगळवार होता. दुपारचे दोन वाजले होते. समोरच्या खोलीत बायकोने पडदे ओढले होते आणि अकराच्या अकरा मुलं झोपली होती. ती त्यांना कशी झोपवते ते मी रोज पाहतो. अकरा चटया एकमेकींपासून हातभर अंतरावर घालते. मधे स्वतः बसते आणि मुलांचे सांडलेले, बदललेले कपडे घड्या घालत राहते. कुणाला थोपटत नाही, कुणाला दटावत नाही. एखादं उठून बसलंच तर एक छोटासा शर्ट त्याच्या हातात देते, "घडी घाल बरं." तीन घड्यांत ते आडवं होतं. एकोणीस वर्षांत तिला दुसरी युक्ती लागली नाही.

मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मसुदा वाचला. नऊ ओळी होत्या. तळापासून वर गेलो. दोन ठिकाणी वेलांटी चुकली होती, एका ठिकाणी स्वल्पविराम नव्हता. दुरुस्त केलं, "ठीक" लिहून पाठवलं आणि वामकुक्षीला गेलो.

बुधवारी सकाळी तीन मुलं आली.

बायको नऊ वाजेपर्यंत दारात उभी होती. मग फोन यायला लागले. एकाकडे ताप होता, एकाकडे आजी आली होती, एकीच्या आईने अचानक रजा घेतली होती. दोघांनी फोनही केला नाही. "साथ आलेली दिसतेय," बायको मला म्हणाली. तिने वहीत बघून एकेका घरी उलट फोन लावला. ताप उतरला का, काढा नको, नुसतं कोमट पाणी पाजा, डॉक्टरांना दाखवा. पलीकडून ज्या आया हो मावशी, हो मावशी म्हणत होत्या, त्यांची मुलं घरात टुणटुणीत खेळत होती. हे आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, खोटं बोलायचं तर निदान समोरची बाई काळजी करणार नाही असं तरी बोला!

अकरा वाजता मी किराणा आणायला खाली उतरलो. जिन्यात तिसऱ्या इमारतीतले निवृत्त बँकवाले भेटले. त्यांनी माझा खांदा दाबला. माणूस खांदा दाबायला लागला की समजावं, काहीतरी झालंय.

"वहिनींना म्हणावं, खचू नका," ते म्हणाले. "आमचा काही असल्या गोष्टींवर विश्वास नाही."

"कसल्या गोष्टींवर?"

ते चपापले. मग खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. कालचा सारांश होता. सहावी ओळ त्यांनी बोटाने दाखवली. पाळणाघरात मुलांना झोप लागावी म्हणून औषध दिले जात असल्याबद्दल, काही पालकांनी चिंता व्यक्त केली आहे.

मी ते वाक्य वाचलं. माणसं वाचतात तसं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. आमच्या आवारात पाळणाघर एकच आहे. वाक्यात मधोमध तो स्वल्पविराम होता. काल दुपारी तो मीच घातला होता.

"काय झालं?" बँकवाल्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. किराण्याची रिकामी पिशवी हातातून सुटून दोन पायऱ्या खाली गेली होती.

तिथेच पायरीवर बसून मी त्या वाक्याखालचे मेसेज वाचले. एकशे सेहेचाळीस होते. काल दुपारपासून मी ग्रुप उघडला नव्हता, कारण संध्याकाळी टीव्हीवर सामना होता आणि सकाळी हा मुलांचा गोंधळ. त्या एकशे सेहेचाळिसांत एकानेही विचारलं नव्हतं, की हे कोण म्हणालं? सगळ्यांनी ते झालेलंच आहे असं धरून पुढे मतं मांडली होती. पाळणाघरांत कॅमेरे सक्तीचे करा. त्यांचं चित्र आईबापांच्या फोनवर थेट दिसलं पाहिजे. तंत्रज्ञान एवढं पुढे गेलंय आणि आपण अजून भरवशावर चाललोय. एकाने परदेशातल्या अशाच एका घटनेची बातमी टाकली होती. एकाने झोपेच्या औषधाचे परिणाम अकरा मुद्द्यांत दिले होते. एक बाई म्हणाल्या, नाव घेत नाही, पण हल्ली कुणावर विश्वास ठेवायचा? नाव घेत नाही म्हणे! आवारात मावशी एकच आहे, नाव घ्यायची गरजच कुठे होती? आणि ज्या काही गृहस्थांनी "मी आधीच म्हणत होतो" असं लिहिलं होतं, त्यांना मूलबाळ काहीच नाही. त्यांनी आमची खोली आतून कधी पाहिलेली नाही.

मी पिशवी तिथेच टाकून इंजिनियरच्या घरी गेलो. तो घरूनच काम करतो. दार उघडताच त्याचा चेहरा पडला.

"काका, मी तुम्हाला फोन करणारच होतो."

"अरे, कधी? मावशीने पाळणाघराला कुलूप लावल्यावर?"

त्याने मला बसवलं आणि संगणकावर सोमवार-मंगळवारचे मेसेज उघडले. आम्ही दोघांनी ते ओळीने वाचले. दुसऱ्या इमारतीत एक दंतवैद्य बाई आहेत, त्यांची मुलगी आमच्याकडे येते. त्यांनी मंगळवारी सकाळी विचारलं होतं: खोकल्याचं औषध दिलं की मुलगी रात्री फार गाढ झोपते, कुणाचा अनुभव आहे का? त्यानंतर साठेक मेसेज यंत्राने परीक्षेचे पेपर तपासावेत की नाही यावर होते, त्यांत चार माझे. मग एका बापाने लिहिलं होतं: आमचं रत्न घरी डोळा मिटत नाही, पाळणाघरात मात्र दीड तास झोपतं, मावशींना सलाम. बस्स, एवढंच. एका टोकाला औषध आणि झोप, दुसऱ्या टोकाला झोप आणि पाळणाघर. प्रोग्रॅमने दोन्ही टोकं धरून गाठ मारली होती. "काही पालक" ते हे असे दोन. आणि "चिंता" कुठून आली ते त्या प्रोग्रॅमलाच ठाऊक.

"सिस्टीमला कधीकधी संदर्भ कळत नाही," इंजिनियर म्हणाला.

"मग लिहिते कशाला?"

"म्हणूनच तर काका, आपण माणसाने तपासायची पायरी ठेवली होती ना." त्याने ते अगदी साधेपणाने म्हटलं, टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला भांडता आलं असतं.

मी विचारलं, "तुझा मुलगा आज का आला नाही?"

तो खुर्चीत चुळबुळला. "मी हिला सांगितलं हो, की हे खोटं आहे. पण ती म्हणाली, दोन दिवस जरा शांत होऊ दे."

"अरे, तुला तर माहीत आहे! जगात एका माणसाला पक्कं माहीत असेल तर तो तू आहेस. तुझ्या डोळ्यांसमोर आहे सगळं. आणि तूच मुलाला घरी ठेवतोस?"

"माहीत आहे हो काका. पण लहान मूल आहे. उगाच मनात एक..." आतल्या खोलीतून त्याच्या मुलाचा गाडी चालवल्याचा घुर्र घुर्र आवाज येत होता.

खुलासा टाकतो, असं त्याने कबूल केलं आणि तो टाकलाही. चांगला सविस्तर होता. दोन्ही मूळ मेसेज जोडले होते, मावशींची माफी मागितली होती. तो कुणी वाचला असेल असं वाटत नाही, कारण गुरुवारच्या सारांशात त्याची ओळ अशी आली: पाळणाघर वादावर अ‍ॅडमिनने खुलासा केला. एवढीच. मंगळवारी चिंता होती, गुरुवारी वाद झाला. खाली लगेच कुणीतरी लिहिलं, काहीतरी असल्याशिवाय खुलासा कशाला करतील? तो मसुदा तपासायला माझ्याकडे आला होता. मी उत्तरच दिलं नाही. उत्तर आलं नाही तर अडीचला आपोआप जायची सोय त्या हुशार मुलाने करून ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं.

बुधवारी दुपारी मी बायकोला सांगितलं होतं. तीन मुलं झोपली होती, ती मधे बसून घड्या घालत होती. मी हळू आवाजात सगळं सांगितलं. प्रोग्रॅम, सारांश, खोकल्याचं औषध, एकशे सेहेचाळीस मेसेज. माझ्या "ठीक"बद्दल अवाक्षर काढलं नाही. उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं. एवढ्या दुःखात आणखी भर कशाला, असंही म्हटलं. माणूस स्वतःला वाचवताना किती दयाळू होतो!

तिने सगळं ऐकून घेतलं.

"पण म्हणालं कोण?" तिने विचारलं.

"कुणीच नाही. तेच तर सांगतोय. कुणीच म्हटलेलं नाही."

"मग मी बोलू कुणाशी?" ती म्हणाली. "कुणी म्हणालं असतं तर त्याच्या घरी गेले असते. समोर बसून विचारलं असतं, की बाबा, कधी पाहिलंस, काय पाहिलंस? आता कुणाच्या दारात जाऊ?"

तिने हातातल्या फ्रॉकची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

तिच्याऐवजी मी गेलो. गुरुवारी सकाळी दंतवैद्य बाईंच्या दवाखान्यात जाऊन बसलो. दोन रुग्ण झाल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी हात वर केले.

"काका, मी मावशींबद्दल एक शब्द बोलले नाही. मी माझ्या घरातल्या औषधाबद्दल विचारत होते."

"तेच तर. तेवढंच ग्रुपवर लिहा. दोन ओळी."

"मी आता त्यात पडत नाही. कशाचा कसा अर्थ काढतील, सांगता येत नाही. माझीही प्रॅक्टिस आहे इथे."

"मग मुलीला तरी पाठवा. ती नाही आली की लोक म्हणतात, बघा, डॉक्टरनेच काढून घेतली."

त्या हातमोजे चढवायला लागल्या. "सोमवारपासून बघते."

दिवसभर दुसऱ्यांना आ करा, मोठा आ करा म्हणून सांगणारी बाई, आणि स्वतःला दोन ओळींपुरतं तोंड उघडवेना. मी आणखी पाच घरं फिरलो. सगळीकडे पाणी मिळालं, बसायला खुर्ची मिळाली. सगळ्यांनी सांगितलं की आमचा यावर विश्वास नाही. मावशी म्हणजे देवमाणूस, असं दोघांनी म्हटलं. मुलाला मात्र कुणी धाडेना. मला वाटतं, त्यांचा विश्वास असता तर बरं झालं असतं. मग निदान ते येऊन भांडले असते.

शुक्रवारी साडेदहाला बालकल्याण कचेरीच्या तपासनीस बाई दारात उभ्या राहिल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात जाडजूड फाइल. कुणा पुण्यवंताने सारांशाचा फोटो कचेरीच्या तक्रार क्रमांकावर पाठवून दिला होता. याच कचेरीत बायकोने खेळण्यांच्या अनुदानाचा अर्ज केला होता, त्याला वर्ष होऊन गेलं, अजून पोच नाही. हे मात्र तीन दिवसांत हजर.

बाई कडक होत्या, पण सरळ होत्या. त्यांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, मोरी पाहिली, पाण्याचं पिंप उघडून पाहिलं. औषधांची पेटी मागितली. पेटीत कापूस, चिकटपट्ट्या, थर्मामीटर आणि खरचटल्यावर लावायचं मलम निघालं. हजेरीच्या वह्या चाळल्या. कोणतं मूल किती वाजता जेवलं, किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, सगळं बायकोच्या अक्षरात होतं. हजर असलेल्या तिघांपैकी थोरलीशी त्या वेगळ्या बसून बोलल्या. मग परत येऊन चष्मा काढला.

"मी बावीस वर्षं पाळणाघरं बघतेय," त्या बायकोला म्हणाल्या. "तुमच्यासारखं ठेवलेलं फार थोड्या ठिकाणी पाहिलं."

बायकोने पदराने डोळे पुसले. मला वाटलं, सुटलो.

"पण तक्रार नोंदली गेलीय," बाई पुढे म्हणाल्या. "ती मला अशी पुसता येत नाही. समितीपुढे जाईल. पुढची बैठक तीन महिन्यांनी आहे. तोवर नियमाप्रमाणे पाळणाघर बंद ठेवावं लागेल."

"अहो, पण आत्ता तर तुम्हीच म्हणालात!" माझा आवाज चढला. "काही सापडलं का तुम्हाला? नाही ना? मग बंद कशासाठी?"

"काका, ओरडू नका. दुसराही मार्ग आहे. तक्रारदाराने तक्रार लेखी मागे घेतली, तर मी फाइल आत्ता इथेच बंद करू शकते."

"तक्रारदार कोण?"

बाईंनी फाइल उघडून कागद आमच्याकडे फिरवला. छापील फॉर्म होता. तक्रारीचा मजकूर या रकान्यात ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं. तक्रारदाराचं नाव हा रकाना कोरा होता.

"ज्याने फोटो पाठवला त्याने नाव दिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण हे वाक्य जिथून निघालं, तिथला जबाबदार माणूस मला चालेल. कुणीतरी हे लिहिलं असेल ना? कुणीतरी प्रसिद्ध केलं असेल? त्याने सही करावी, की हे माझं होतं आणि मी ते मागे घेतो."

मी बाहेरच्या जिन्यात जाऊन इंजिनियरला फोन लावला. तो लगेच म्हणाला, "काका, मी सही कशी करू? लिहिलं तर सिस्टीमने. मी फक्त पोस्ट केलं. आणि सरकारी कागदावर माझं नाव गेलं, उद्या कंपनीत कुणी विचारलं तर? तुम्ही समजून घ्या ना."

"समजलं," मी म्हणालो आणि फोन ठेवला. खरंच समजलं होतं. चारशे अकरा माणसं, रोज जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असणारी. मी त्यांच्यावर तीन दिवस जळफळत होतो. भित्रे, दुतोंडी, कातडीबचाऊ, काय काय म्हणत होतो मनातल्या मनात. आणि त्या तीन दिवसांत माझ्या बायकोशेजारी जेवायला बसून, तिच्याच हातचं खाऊन मी काय वेगळं केलं होतं?

मी आत आलो. बायको आणि तपासनीस बाई माझ्याकडे बघत होत्या.

"माझं नाव लिहा," मी म्हणालो.

"तुमचं?"

"तो सारांश ग्रुपवर जायच्या आधी माझ्याकडे तपासायला येतो. मंगळवारीही आला होता. हे वाक्य माझ्या हातून गेलंय. त्यात दुरुस्ती करून मीच ठीक म्हणून पाठवलं. माझ्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही माणसाने ते प्रसिद्ध होण्याआधी पाहिलेलं नाही."

मी हे तपासनीस बाईंकडे बघून बोललो. बायकोकडे बघायची हिंमत झाली नाही. खोलीत ती थोरली मुलगी ठोकळे रचत होती. बायकोच्या बांगड्यांचा आवाज थांबला होता.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मग पेन माझ्यापुढे सरकवलं. मी कोऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलं. पुढचा रकाना होता, तक्रारदाराचं पाळणाघराच्या संचालिकेशी नातं. मी तिथे पती लिहिलं. अडतीस वर्षांत हजारो कागद हाताखालून गेले, पण दोन अक्षरं लिहायला एवढा वेळ कधी लागला नव्हता. त्याखाली पत्ता आणि सही. मग शेवटचा रकाना, तक्रार मागे घेण्याचं कारण.

"गैरसमज लिहा," तपासनीस बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "बहुतेक जण तेच लिहितात. चालतं."

मी पेन टेकवलं.

"गैरसमज नका लिहू." हे बायको म्हणाली. ती माझ्या मागे येऊन उभी होती. तिचा आवाज चढलेला नव्हता, रडवेलाही नव्हता. मुलांना शर्ट देताना ती बोलते तसाच होता. "गैरसमज व्हायला आधी समजावं लागतं. लिहा, वाचलं नव्हतं."

मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, कागदाकडे बघत होती.

मी लिहिलं, वाचलं नव्हतं. रकाना मोठा होता, चार ओळींचा. तपासनीस बाई म्हणाल्या, हवं तर अजून लिहू शकता, जागा आहे.

"तेवढं पुरे आहे," बायको म्हणाली, आणि मुलांची ताटं मांडायला आत गेली.